बायोचारची गोणी: माल चांगला, पण छापलेल्या दाव्यांवर जाऊ नका

मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातून बायोचारची, म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेल्या, मातीत घालायच्या कोळशाची २५ किलोची गोणी घेतली, ९०० रुपयांना, "जिवाणूयुक्त, रेडी टू यूज" वाली. दुकानाचं आणि कंपनीचं नाव टाकत नाही, पण असा माल आता बऱ्याच ठिकाणी मिळतोय म्हणून लिहितोय.

आमची पुण्याजवळ मांजरी गावात नदीच्या अंगाला थोडी जमीन आहे. वर्षानुवर्षं मुळा-मुठेचं पाणी उपसून दिलेलं, त्यात अख्ख्या शहराचं सांडपाणी, त्यामुळे उन्हाळ्यात वर पांढरा खार फुटतो, माती ओली असली की चिकट आणि वाळली की दगड, गांडूळ औषधालासुद्धा सापडत नव्हतं.

आधी मालाचं सांगतो. कोळसा नीट भाजलाय. चिमूटभर ओला करून बोटांवर चोळा आणि नुसत्या पाण्याखाली हात धरा, साबणाशिवाय निघाला तर ठीक, तेलकट थर राहिला तर आत डांबर उरलंय आणि ते मातीतल्या जिवाणूंना मारक असतं. हा एका धारेत निघून गेला. कुंडीत माती आणि हा कोळसा कालवून मेथी टाकली, तीपण छान उगवली.

आता दावे. गोणीवर मोठ्या अक्षरात "जड धातू नाहीसे करतो" लिहिलंय, ते साफ चूक आहे. शिसं, कॅडमियम कोळशाच्या पृष्ठभागाला धरून राहतात, मुळांना कमी मिळतात एवढंच, मातीतून ते कुठेही जात नाहीत. आर्सेनिक तर मातीचा सामू (pH) वाढला की उलट मोकळं होऊ शकतं. म्हणून अशा जमिनीत पालक-मेथी घेऊन बिनधास्त घरी खाऊ नका, आधी माती तपासून घ्या आणि तपासताना जड धातू वेगळे मागा, साध्या रिपोर्टमध्ये ते नसतात. खारालाही याचा उपाय नाही, त्याला निचरा आणि गरजेप्रमाणे जिप्समच लागतं.

आणि आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात राखेचा अंश जास्त असलेला बायोचार टाकला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. गोणीवर सामू छापलेलाच नाही, हे मला सगळ्यात खटकलं. जिवाणू घातलेत म्हणे, पण एक्स्पायरी डेट वाचता येत नव्हती आणि माल पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडलेला, त्यात काय जिवंत राहिलं असेल!

त्यामुळे "रेडी टू यूज" सोडा. मी शेणस्लरी, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून कोळसा चांगला मुरवला आणि गांडूळखतात मिसळून मगच वाफ्यात दिला. कोरडाच टाकला असता तर त्याने आधी पिकाचा नत्रच ओढून धरला असता. कोळशाला बारीक बारीक भोकं असतात, त्यात ओल टिकते आणि जिवाणूंना, बुरशीच्या तंतूंना आसरा मिळतो, खरं काम तिथं होतं. पावसानंतर त्या वाफ्यात ढेकूळ बोटांनी फुटायला लागलं, आत पांढरी मुळं आणि दोन-तीन गांडुळं दिसली, शेजारच्या वाफ्यात अजून तसलाच दगड. मला खरंच आनंद झाला.

खर्चाचं मात्र बघा. हेक्टरी १० टन धरलं तर गुंठ्याला १०० किलो, म्हणजे चार गोण्या, ३६०० रुपये, एकराला जवळपास दीड लाख. कुंड्या, टेरेस, सोसायटीची बाग यांना परवडेल, शेताला नाही. उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी आपल्या पुण्यातल्याच आरती संस्थेने केली होती, २००२ साली त्यांना स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला, तो कोळसा चुलीसाठी होता पण भाजायची रीत तीच, आणि दौंड-हवेलीकडे पाचट अजून फडातच पेटवतात हो!

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी बिनजिवाणूचा साधा कोळसाच मागणार, सामूचा आकडा लिहून देणार असतील तरच.