टूरिंग स्नोमोबिल: दोन धारांचे रनर घ्यावेत की नव्या स्की?

स्नोमोबिल म्हणजे हिमावर चालणारी गाडी: वळायला पुढे दोन स्की, ढकलायला मागे फिरता पट्टा, म्हणजे ट्रॅक. 137 इंची ट्रॅकची, दोघांच्या सीटची टूरिंग स्नोमोबिल लांबच्या प्रवासाला आरामशीर असते. तिच्या हँडलबद्दलच्या तक्रारी मात्र मुख्यतः दोन. कडक ट्रेलवर स्की आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत शिरते आणि हँडल डावी-उजवीकडे हिसके देतं, हे डार्टिंग. वळणावर हँडल वळवूनही गाडी सरळच घसरत जाते, हे पुशिंग. हे दोन आजार एकमेकांच्या उलट आहेत. स्कीवरचा भार आणि धार वाढवली की पुशिंग कमी होतं, पण डार्टिंग वाढतं. म्हणून आपली तक्रार नेमकी कोणती हे आधी ठरवावं. वजनदार फोर-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीत पुढचा भार मुळातच जास्त, त्यामुळे तिथे डार्टिंगची तक्रार अधिक. मागे माणूस आणि सामानाची पेटी चढली की तीच गाडी पुश करू लागते.

खरेदीआधी गॅरेजमध्ये तासभर द्या. स्कीचं टोक उचलून हलवा. स्कीचा बोल्ट, स्पिंडलचं (स्की धरणाऱ्या दांड्याचं) बुश किंवा टाय-रॉडचा सांधा ढिला असेल, तर कुठलाही महाग रनर (स्कीखालची धारदार सळई) ती खडखड झाकू शकणार नाही. मग टो, म्हणजे स्की पुढे आत किंवा बाहेर किती वळल्या आहेत ते, तपासा. गाडी सपाट जमिनीवर, हँडल सरळ. दोन्ही स्कींच्या टोकांभोवती रबरी दोरी ताणून बांधा, म्हणजे सांध्यांतली ढिलाई निघून जाईल. ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून रनरच्या पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक गाड्यांत दोन्ही स्कींमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे 3 ते 6 मिमी जास्त हवं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. स्की पुढे आत वळलेल्या असतील, तर डार्टिंगचं कारण तिथेच सापडलं.

पुढचं काम सस्पेन्शनचं. मागच्या स्प्रिंगचा ताण दोघांना बसवूनच ठरवा: बसल्यावर गाडी मागच्या सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश इतकी खाली यावी. त्याहून जास्त बसत असेल तर स्की हलक्या पडतात. तरीही पुशिंग राहिलं तर ट्रॅकच्या आतल्या पुढच्या आर्मचा लिमिटर पट्टा एक भोक आखडा, म्हणजे स्कीवर भार येतो. डार्टिंग असेल तर एक भोक सैल सोडा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ट्रेलवर एक फेरी.

एवढ्यावर भागलं नाही तरच खऱ्या निवडीकडे वळायचं: जुन्या स्कीखाली दोन धारांचे रनर, की स्कीच नव्या?

फरक कळायला एवढं लक्षात ठेवा: बर्फाच्या काचेवर आणि घट्ट दाबलेल्या ट्रेलवर वळवतं ते कार्बाइड, भुसभुशीत हिमात वळवतो तो स्कीखालचा कणा. साधा रनर म्हणजे पोलादी सळईवर जोडलेली 4, 6 किंवा 8 इंच लांबीची टंगस्टन कार्बाइडची एकच धार. एकच धार एका चाकोरीत सहज बसते. दोन धारांच्या रनरमध्ये धारा शेजारी-शेजारी असतात. चाकोरी एका धारेखाली आली तरी दुसरी सपाट बर्फावर टेकलेली असते आणि स्की सरकत नाही. रोज सकाळी गोठलेल्या, ग्रूमरने (ट्रेल सपाट करणाऱ्या यंत्राने) दाबलेल्या ट्रेलवर चालणाऱ्याला हा फरक पहिल्या किलोमीटरलाच जाणवतो. वसंतातल्या साखरेसारख्या सैल हिमात मात्र जुनी स्की उथळ कण्याची असेल तर धारा कितीही असोत, पुशिंग कायम राहतं. तिथे खोल कण्याची, रुंद स्कीच उपयोगी. मिशिगनच्या किविनॉसारख्या भागात सुपीरियर सरोवरामुळे भरपूर ताजं हिम पडतं, तिथल्या माणसाने रनरवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही.

हँडलच्या जडपणात रनर मागे पडतात. दोन धारा म्हणजे हळू वेगात आणि पार्किंगच्या उघड्या बर्फावर हँडल जड. ज्याचे खांदे आधीच दुखतात त्याने हे गृहीत धरावं. खोल कण्याची रुंद स्की चाकोरी असलेल्या कडक ट्रेलवर उलट जास्त ओढू शकते. दोन कणे असलेली स्की याला अपवाद, त्यात दोन्ही गुण येतात. स्की-डू या स्नोमोबिल ब्रँडच्या पायलट टीएस स्कीत कण्यातला रनर कमी-जास्त खाली करता येतो. बदलत्या हिमावर फिरणाऱ्याला हा पर्याय सोयीचा.

बसवण्यात रनर सोपे: जुना काढायचा, कण्याची खाच साफ करायची, नवा खाचेत फट न राहता बसला का पाहायचं, नवे नायलॉन लॉक-नट लावायचे. बोल्ट भोकांत उतरत नसतील तर हातोडीने ठोकू नका, जुनी स्की वाकलेली असू शकते. नव्या स्कीत लोक चुकतात ते स्की आणि स्पिंडलमधल्या रबराच्या ठोकळ्यात. तो उलटा किंवा चुकीच्या मापाचा बसला की टोक खाली झुकतं आणि नवी कोरी स्कीही डार्ट करते. यातूनच एक जवळजवळ फुकटचा उपाय निघतो: रबराच्या मागच्या भागाखाली साधारण 3 मिमीची पट्टी घातली, तर भार रनरच्या मागच्या भागावर जातो आणि स्की सरळ मागे-मागे येते. डार्टिंगवर रनर घेण्याआधी हे करून पाहाच.

धार वाढवताना ट्रॅकला विसरू नका. पुढे जोरदार कार्बाइड आणि मागे एकही स्टड (ट्रॅकमध्ये बसवलेला टोकदार खिळा) नाही, अशी गाडी बर्फाळ वळणावर मागून फिरते. 96 किंवा 144 स्टड लावून पुढे 4 इंचाचंच कार्बाइड ठेवलं तर उलटं होतं: ट्रॅक ढकलत राहतो आणि स्की वळत नाहीत. स्टड लावायचे असतील तर ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या सांगाड्यात हीट एक्स्चेंजरसाठी (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागासाठी) संरक्षक पट्ट्या लागतात आणि नियमही पाहावे लागतात. मिनेसोटात स्थानिक सूट नसेल तर फरसबंद सार्वजनिक ट्रेलवर धातूचे स्टड चालत नाहीत.

गाडी वळणावर आतली स्की उचलत असेल तर रनर आणि स्की दोन्ही निरुपयोगी. तिथे जाड स्वे-बार, म्हणजे दोन्ही स्कींची सस्पेन्शन जोडणारी सळई. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: 12.7 मिमीऐवजी 14.3 मिमीचा भरीव बार साधारण 60 टक्के जास्त कडक. मोबदल्यात एका स्कीचा धक्का दुसऱ्या स्कीपर्यंत पोहोचतो आणि खडबडीत ट्रेलवर आराम कमी होतो. टूरिंग गाडीसाठी हा आमच्या मते शेवटचा पर्याय.

आमचा कौल: ऑन्टॅरिओ, क्वेबेकच्या ग्रूम केलेल्या ट्रेलवर दोघं फिरणार असतील आणि स्की शाबूत असतील, तर दोन धारांचे रनर. खर्च कमी आणि काम तासाभराचं. स्कीचं प्लास्टिक झिजून कणा गोल झाला असेल, किंवा निम्मा हंगाम मऊ हिमात जाणार असेल, तर थेट दोन कण्यांची स्की. रनर घेतलेत तर डांबर आणि खडीवर गाडी चालवू नका, तापून कार्बाइडचे टवके उडतात. पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, आणि कार्बाइडच्या पुढची-मागची सळई निम्मी झिजली की जोडी बदला, कार्बाइड शिल्लक दिसलं तरीही.