डिसेंबरात मोगरा, आणि माझे 48,500 रुपये

बँकेत 22 वर्षं काढली मी. ओटीपी कुणाला देऊ नका, हे रोज काउंटरवर लोकांना ऐकवते. आणि मीच फसले. हे लिहायला चार महिने लागले ते त्यामुळे.

मुलीचं लग्न 60 माणसांत, पुण्यातच, घराच्या अंगणात. हल्ली छोट्या लग्नांत असतं तसंच हवं होतं: थर्माकोल नको, वरून मोगऱ्याच्या सरी, मागे पांढरी-गुलाबी फुलं, पितळी तांब्यांत निशिगंधाच्या चार दांड्या. इन्स्टावर एका डेकोरेटरचे फोटो बघून मुलगी म्हणाली, हेच. कोटेशन 68,000. निम्मे, म्हणजे 34,000, यूपीआयवर आगाऊ. स्क्रीनवर नाव भलतंच. "भावाचं खातंय ताई, माझं लिमिट संपलंय." दिवसभर खात्यांची नावं जुळवणाऱ्या बाईने पिन टाकला.

खरी माती मात्र त्याआधीच खाल्ली होती. सासूबाई 81 वर्षांच्या. फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "अगं, मोगरा उन्हाळ्यातला. मार्गशीर्षात एवढा कुठून आणणार तो?" मी म्हटलं, "आई, हल्ली सगळं बारा महिने मिळतं." जीव जळतो आठवलं की. थंडीत मोगरा येतो मूठभर, भाव चढेल तेवढा. गुलटेकडीला मार्केट यार्डात एक चक्कर मारली असती तरी कळलं असतं. पण केळवणं, पत्रिका, फॉल-पिको, सगळं माझ्याच गळ्यात. कधी जाणार होते?

आठवड्यावर लग्न, तेव्हा आणखी 14,500. "ऑर्किड थायलंडहून येतात, आज बुकिंग हवं." दिले.

लग्नादिवशी सकाळी 6 ला दोन पोरं दोन गोण्या घेऊन आली. आत कापडी फुलं. पाकळ्यांवर आधीच्या कुठल्यातरी लग्नातलं मेण सांडून वाळलेलं. पोरांना 700 रुपये रोजावर नाक्यावरून धाडलं होतं, त्यांना काही ठाऊक नाही. याचा फोन बंद. दीर यार्डात धावले, 6,340 रुपयांची शेवंती आणि निशिगंध आणला, जावांनी मुहूर्तापर्यंत ओवला.

तो इन्स्टावरचा फोटो नंतर गूगल लेन्सवर टाकला, फोटो मुळात कुठला ते शोधून देतं ते. परदेशातल्या लग्नाचा. गुलाबी फुलं पिओनी, आणि वरच्या सरी विस्टेरिया नावाच्या वेलीच्या. मोगरा नव्हताच! तुम्ही हे पैसे देण्याआधी करा.

पोलीस चौकीत म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणसं आली ना प्रत्यक्ष, मग चौकीत जा. पुन्हा चौकी. "मॅडम, फुलं तर आली ना? दिवाणी दावा टाका." न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मीच मोबाईलवर वाचून दाखवलं. साहेब चहा पीत राहिले. वर सल्ला, "एवढं शिकलेल्या तुम्ही..." तीन खेपा, अर्ध्या रजा, हातात शिक्का मारलेला एक अर्ज.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा; मी तीन दिवसांनी केला, घरात पाहुणे होते. कोटेशनवर नुसतं "फ्लॉवर डेकोर" असेल तर रुपया देऊ नका. कोणतं फूल, किती किलो, ताजं की कापडी, लिहून घ्या. आणि दुकान डोळ्यांनी बघा.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही म्हणतात. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. माझ्याकडे एक मोबाईल नंबर आहे, तोही बंद.