मूळचं जपायचं की दुरुस्त करायचं? १९९१च्या माझदा एमएक्स-५सोबतचे चौदा महिने

चौदा महिन्यांपूर्वी ही लाल एमएक्स-५, माझदाची कापडी छताची दोन सीटची छोटी गाडी, घेतली तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं, हिच्यातलं काहीही बदलायचं नाही. पहिल्या पिढीची गाडी, १.६ लिटरचं इंजिन, वर उठणारे हेडलाइट, चौदा इंची अलॉय, रंग आणि सीट कंपनीतून आल्या तशाच. या मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांवर आधीच्या मालकांनी हौस भागवून घेतलेली असते. त्यामुळे कुणी हात न लावलेली गाडी मिळाली याचाच आनंद इतका होता की मी तिला नुसती पुसत बसायचे.

पण चालवताना मजा येत नव्हती. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे-उजवीकडे वाट शोधत जायची, खराब रस्त्यावर खालून खडखडाट यायचा. वय झालंय, जुनी गाडी अशीच चालणार, अशी मी माझी समजूत घातली होती.

ती समजूत टायरांनी मोडली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरांवर २३०४ होतं, म्हणजे २००४चा तेविसावा आठवडा. गाडी फार चाललेली नसल्यामुळे नक्षी जवळजवळ पूर्ण होती, म्हणून मी ते राहू दिले. पहिल्याच पावसात एका साध्या वळणावर मागची बाजू सुटली. वेग कमी होता, समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून कडेच्या मातीत जाऊन थांबण्यावर निभावलं. पण बराच वेळ चावी फिरवायला हात धजावला नाही. रबर नुसतं पडून राहिलं तरी वयानं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, हे मला वाचून माहीत होतं. तरीही मी ते टायर ठेवले, ही सरळ माझी चूक. त्याच आठवड्यात त्याच मापाचे, १८५/६० आर१४, नवे टायर घातले.

टायर बदलताना गाडी वर घेतलेली होती. मेस्त्रींनी मला खाली बोलावलं आणि सस्पेन्शनच्या एका बुशला, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी तुकड्याला, पान्याचं टोक लावलं. रबराचा एक तुकडा सुटून माझ्या तळहातावर पडला. काळा, खडखडीत, नखानं दाबल्यावर भुगा होणारा.

"ताई, ओरिजिनल आहे, कबूल. पण हे आता रबर राहिलंय का, तुम्हीच सांगा."

या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन दांड्यांनी धरलेलं, त्यामुळे बुश पुष्कळ. सगळे बदलायचं ठरवलं, पण रबराच्या जागी रबरच, पॉलियुरेथेन नको. ते टिकाऊ असतं, पण कडक असल्यामुळे गाडीचा स्वभावच बदलतं. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचे, बोल्ट गंजून बुशच्या आतल्या लोखंडी नळीत इतके अडकले होते की तीन दिवस तेल सोडूनही दोन कापावेच लागले. एक गोष्ट मात्र मेस्त्रींना मुद्दाम करायला सांगा. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना. हवेत लोंबत्या चाकांनी आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढली आणि पहिल्या वळणालाच मी मोठ्यानं "अगं!" म्हणाले. मनगट जरा वळवलं की नाक वळत होतं, खालचा रस्ता बोटांना कळत होता. ही गाडी घडवताना माझदानं 'जिन्बा इत्ताई' हा शब्द धरला होता. घोडा आणि स्वार एकजीव, असा त्याचा अर्थ. साधारण ९५० किलोंची हलकी गाडी, लांब दांड्यासारखी गिअरबॉक्स ते मागच्या चाकांमधलं डिफरेन्शियल जोडणारी अॅल्युमिनियमची फ्रेम, हे सगळं त्यासाठीच. आणि मी मूळ रबर जपण्याच्या नादात मूळ गाडीच झाकून ठेवली होती.

त्यानंतर होज पाइप, ब्रेक ऑइल, क्लचचा खालचा सिलिंडर हे फारसा विचार न करता बदललं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. माझी तपकिरी-हिरवट झाली होती. प्लास्टिक पिकून तडकायला आल्याची ती खूण, म्हणून वेळेत बदलली. टायमिंग बेल्ट तुटला तरी या इंजिनात वॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, पण गाडी वाटेत बंद पडतेच, तेव्हा तोही नवा.

रंगाला मात्र हात लावू दिला नाही. एका गॅरेजात "पूर्ण पेंटिंग करून देतो, शोरूममधून आल्यासारखी दिसेल" असं सांगत होते. मी नाही म्हटलं. बॉनेट उन्हानं गुलाबीसर पडलंय, दारावर दोन ओरखडे आहेत, राहू देत. या लाल रंगावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नाही. पॉलिश करताना फडकं लाल होतं, म्हणजे दर वेळी थोडा रंगच निघून येतो. म्हणून वर्षात एकदाच हलक्या हातानं पॉलिश आणि मग मेण. बुश उद्याही नवा मिळेल. त्या कारखान्यात १९९१ साली मारलेला रंग एकदा घासून काढला की गेला. सीटच्या कापडाचं आणि स्टिअरिंगच्या झिजलेल्या चामड्याचंही तसंच.

सगळ्यात जड गेलं ते दाराखालच्या पत्र्याचं. छतावरचं पाणी सीटांच्या मागच्या पन्हळीतून दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे गाडीखाली जातं. डाव्या नळीत पाला-माती साचली होती आणि पाणी आत मुरत राहिलं होतं. बाहेरून एवढासा फुगवटा दिसत होता, टोचल्यावर बोट आत गेलं. हा मूळ पत्रा होता, मूळ रंगासकट. पण तो गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, तिथे हळवं होऊन चालत नाही. गंजलेला तेवढाच भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला आणि रंग फक्त खालच्या रेषेपर्यंत ठेवला. रंगातला फरक जवळून दिसतो. मला अजून वाईट वाटतं, पण निर्णय चुकला असं वाटत नाही. ही गाडी असेल त्यांनी आजच त्या नळ्या साफ करा, हे अगदी कळकळीनं सांगते.

माझदानं २०१७ साली जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी रिस्टोरेशनची योजना जाहीर केली, तेव्हा कापडी छत आणि लाकडी स्टिअरिंगसोबत त्या काळच्या डिझाइनचे ब्रिजस्टोन टायरही पुन्हा बनवून घेतले. तेव्हाचा अनुभव परत हवा तर टायर ताजे हवेत, हे बनवणाऱ्यांनाही मान्य आहे.

आता राहिलंय छत. मागची प्लास्टिकची काच पिवळट, धुरकट झालीय आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे नुसते पसरून दिसतात. छत दुमडण्याआधी दर वेळी चेन उघडून ती काच मऊ टॉवेलवर सपाट पसरते. कडेला बोटभर चीर गेलीय, ती गेल्या महिन्यापेक्षा लांब झालीय. नवं छत मागवलंय. जुनं गुंडाळून माळ्यावर ठेवायला जागा करून ठेवली आहे, पहिल्या बुशांच्या डब्याशेजारी.