रेरेरे: आठ महिने सुखात गेले, मग एसएसडी गेली

मागच्या मंगळवारी लॅपटॉपची एसएसडी बसली. दुकानदार म्हणाला, डेटा काढून देतो, चौदा हजार होतील. म्हटलं, राहू द्या, माझा सगळा कोड सर्व्हरवर आहे. चौदा हजार वाचवल्याच्या आनंदात नवी एसएसडी टाकली, रेपो क्लोन केला, म्हणजे गिट या कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने सर्व्हरवरची प्रत उतरवली, आणि फीचर ब्रांच (माझ्या कामाची वेगळी फांदी) मेनवर, म्हणजे मुख्य फांदीवर, रीबेस करायला (तिच्या टोकावर नव्याने रचायला) घेतली. सातव्या कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) ओळखीचा कॉन्फ्लिक्ट दारात उभा: त्याच ओळी दोन्हीकडे वेगवेगळ्या बदललेल्या, काय ठेवायचं ते मी सांगायचं. मग आठव्याला. मग अकराव्याला. तेव्हा ट्यूब पेटली. कोड आला होता, पण '.गिट' फोल्डरमधलं 'आरआर-कॅशे', म्हणजे रेरेरेची वही, आलंच नव्हतं. ते पुशबरोबर (कोड सर्व्हरवर पाठवताना) जात नाही, क्लोनबरोबर येत नाही. आपण सोडवलेल्या भांडणांचा सगळा दफ्तरखाना त्या एकाच डिस्कवर.

तोवर मी रेरेरे या फीचरचा भक्त होतो: एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ते लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की तोच तोडगा लावतं. गिटमध्ये हे २००६ पासून आहे, तरी आजही मुळात बंदच असतं, स्वतः चालू करावं लागतं. नावामुळेही लोक बिचकत असतील. मी 'रेरेरे लावलंय' म्हटल्यावर आमच्या मॅनेजरला फ्लॅटचा ताबा रखडला म्हणून मी महारेराकडे गेलो असंच वाटलं.

आमची बिलिंगची ब्रांच चार महिने लोंबकळली. दर शुक्रवारी रीबेस, आणि दर शुक्रवारी त्याच फाइलमधल्या त्याच ओळी. रेरेरेमुळे एकदा सोडवलं की पुढच्या खेपेला 'रिझॉल्व्ड युझिंग प्रीव्हियस रिझोल्यूशन' अशी एक ओळ येते आणि फाइल नीट झालेली असते. रीबेस तरीही थांबतोच, कंटिन्यू आपणच म्हणायचं. ओळख पटते ती कॉन्फ्लिक्टच्या मजकुरावरून. दोन बाजूंची अदलाबदल झाली तरी चालतं. पण त्या तुकड्याच्या आत कोणी एक ओळ जरी बदलली तरी रेरेरेच्या लेखी तो नवा कॉन्फ्लिक्ट.

एकदाच दणका बसला, तोही माझ्याच कर्माने. सूट लावायची ओळ मी वरच्या फंक्शनमधून खाली हलवली होती, आणि मेनवर कोणीतरी ती वरचीच ओळ बदलली होती. संध्याकाळी साडेसातला, घरी जायच्या घाईत, दोन्ही ठेवल्या. हजाराच्या बिलावर १० टक्के सूट दोनदा लागली, ९०० च्या जागी ८१०. टेस्टरने पकडलं. मी ब्रांचच्या शेवटी वेगळी कमिट टाकून दुरुस्त केलं आणि विसरलो. पुढच्या आठवड्यात रिलीज ब्रांचमध्ये मर्ज करताना (ही ब्रांच तिच्यात मिसळताना) तोच कॉन्फ्लिक्ट आला, रेरेरेने इमानदारीने तीच चूक परत लावली. माझी दुरुस्ती कोडमध्ये होती, त्याच्या वहीत नव्हती. वर मी ऑटोअपडेट चालू ठेवलेलं, म्हणजे फाइल थेट स्टेजही झाली, पुढच्या कमिटसाठी तयार म्हणून. स्टेज न झालेले बदल दाखवणारं 'गिट डिफ' मारलं तर कोरं करकरीत. ८१० पुन्हा हजर.

उपाय दोन ओळींचा आहे: कॉन्फ्लिक्ट समोर असतानाच त्या फाइलवर 'गिट रेरेरे फर्गेट' (जुना तोडगा विसर), मग 'गिट चेकआउट -एम'ने फाइलमधल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा परत आणायच्या आणि शांतपणे सोडवायचं. ऑटोअपडेट त्या दिवशी बंद केलं. ज्याला दोन मिनिटं वाचवायला तपासणी सोडायची असेल त्याने खुशाल चालू ठेवावं.

आता खरी गंमत. इथवर लिहिल्यावर 'आठ महिन्यांची पुंजी बुडाली' असं पुढचं वाक्य टाकणार होतो, म्हणून खात्रीसाठी मॅन्युअल उघडलं. सोडवलेली नोंद ६० दिवस, न सोडवलेली १५ दिवस. त्यानंतर 'गिट जीसी', म्हणजे गिटची साफसफाई, ती झाडून टाकतं. नोंद वापरली गेली की तिचं वय नव्याने सुरू होतं. म्हणजे बिलिंगची नोंद दर शुक्रवारच्या वापराने जिवंत होती, पण बाकीची जुनी पुंजी एसएसडी जायच्या आधीच कचऱ्यात गेलेली. अर्धा आठवडा मी नसलेल्या गोष्टीचं सुतक पाळत होतो. मुदत आता ३६५ दिवस केली आहे.

काही परतही मिळालं. गिटच्या सोर्समध्ये कॉन्ट्रिब फोल्डरात 'रेरेरे-ट्रेन' नावाची स्क्रिप्ट आहे. ती जुन्या मर्ज कमिट पुन्हा करून बघते आणि त्यातून शिकते. रिलीजच्या मर्जमधलं त्यातून आलं. रीबेस मात्र मर्ज कमिट मागे ठेवतच नाही, त्यामुळे बिलिंगचं सगळं हाताने. दीड तास. आरआर-कॅशे पुश करायची सोय गिटवाल्यांनी का दिली नसेल, हा माझा राग अजून तसाच आहे.

तोवर दर शुक्रवारी आरआर-कॅशे पेन ड्राइव्हवर. साधं फोल्डर आहे, कॉपी केलं की चालतं. सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या पोराला ती कॉपी देऊ केली. पेन ड्राइव्ह हातात घ्यायच्या आधी त्याने विचारलं, "सर, त्यात ते आठशे दहा नाही ना?"