क्रॉसबोला पूर्ण हंगाम की अर्धा? मत देण्याआधी तीन राज्यांकडे बघा

विस्कॉन्सिनच्या ७२ काउंट्यांमध्ये दर एप्रिलात कॉन्झर्वेशन काँग्रेसची, म्हणजे वन्यजीवांबाबत सल्ला देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, प्रश्नपत्रिका निघते. मत सल्ल्यापुरतंच असतं, पण ते द्यायला शिकारीचं लायसन्स लागत नाही आणि घरबसल्या ऑनलाइन देता येतं. त्यामुळे मॅडिसन-मिल्वॉकीकडच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी उभ्या आयुष्यात कोंबडीही कापलेली नाही, त्यांच्याही पुढ्यात हा प्रश्न येऊ शकतो: हरणांच्या शिकारीतल्या धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या आडव्या धनुष्याला) दिलेली मुभा आखडती घ्यायची का?

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला (१९९१ च्या दुरुस्तीने ती जवळपास बंदच झाली) आणि हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणही घातला. गंमत अशी, की त्याच १९७२ साली अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती करून धनुष्यबाणांवर ११ टक्के उत्पादन शुल्क बसवलं आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. इथे शिकारी कमी झाले की जंगलाचा पैसाही आटतो, हे मत देताना लक्षात असू द्या.

विस्कॉन्सिनमध्ये आधी क्रॉसबो फक्त पासष्टीपुढच्यांना आणि अपंगांना चालायचा. २०१४ पासून तो सर्वांना खुला झाला. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साध्या धनुष्याइतकाच हंगाम त्यालाही मिळाला. काही वर्षांतच क्रॉसबोने पाडलेली हरणं धनुष्याने पाडलेल्यांपेक्षा जास्त भरू लागली आणि कुरबुर सुरू झाली. धनुष्यवाले म्हणतात, ही बंदूकच आहे. बंदूकवाले म्हणतात, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो, तोवर मोठे नर यांनी आधीच टिपलेले असतात.

'ही बंदूकच आहे' ही तक्रार आधी तपासू. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ज्या प्रकारात जगज्जेते झाले, तो कंपाउंड बो, टोकांना चाकं लावलेला. इथले बरेच धनुष्यवाले शिकारी तसलाच वापरतात. साधारण २७ किलोचा ताण ओढला, की चाकांमुळे शेवटी हातावर पाच-सहा किलोच उरतो. पण तो ओढावा लागतो हरीण वीस यार्डांवर आल्यावर, मचाणावर, काकडलेल्या हातांनी, आणि ती हालचाल त्याच्या नजरेस पडू न देता. हरीण झाडाआड थबकलं तर मिनिटभर तसंच ताणून राहायचं. दंड थरथरायला लागतो, दोरी हळूच सोडून द्यावी लागते आणि तेवढ्यात शेपटीचा पांढरा झुबका दिसेनासा होतो. क्रॉसबोवाल्याने दोरी पहाटेच ताणून ठेवलेली असते. दुर्बिणीतून बघायचं आणि घोडा दाबायचा. कंपाउंडवर हात बसायला उन्हाळा जातो, क्रॉसबोवर एखादी दुपार.

पल्ल्याचं गणित मात्र वेगळं निघतं. क्रॉसबोचा बाण सेकंदाला साडेतीनशे फूट धरा, कंपाउंडचा दोनशे नव्वद. चाळीस यार्ड, म्हणजे १२० फूट जायला एकाला ०.३४ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.४१. आवाज तिथे ०.११ सेकंदातच पोचतो. म्हणजे दोन्हींत दोरीचा टणत्कार आधी पोचतो आणि हरीण दचकून खाली दबतं. रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते. नेम धरण्यात क्रॉसबो बंदुकीच्या जवळचा, मारा करण्यात धनुष्याच्या जवळचा. मला तरी 'बंदूकच आहे' हे अर्धवट वाटतं. शिवाय कंपाउंड बो स्वतः १९६९ चं पेटंट. तो आला तेव्हा पारंपरिक धनुष्यवाल्यांनीही अशीच नाकं मुरडली होती.

आता ओहायो. तिथे क्रॉसबो १९७० च्या दशकापासून चालतो, तरी व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची, हरणं संपलेली नाहीत. कारण हत्यारात नाही, नियमात आहे: वर्षाला माणशी एकच शिंगाळू नर, मग तो धनुष्याने मारा, क्रॉसबोने मारा की बंदुकीने. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये क्रॉसबोला धनुष्याचा हंगाम खुला केला, तिथेही वर्षाला एकच नर. ऑक्टोबरात क्रॉसबोने नर मारला, की त्या माणसाची रायफल नराच्या बाबतीत त्या वर्षापुरती गप्प. विस्कॉन्सिनमध्ये एक नर धनुष्य किंवा क्रॉसबोवर आणि दुसरा बंदुकीवर मारता येतो. बंदूकवाल्यांचं दुखणं इथे आहे आणि त्याचं खापर फुटतं क्रॉसबोवर.

न्यूयॉर्कने मधला मार्ग काढला. २०१४ मध्ये दक्षिण भागात सुरुवातीच्या धनुष्य हंगामाचे शेवटचे १४ दिवसच क्रॉसबोला दिले. कागदावर हा समजूतदार तोडगा दिसतो. पण ते १४ दिवस नोव्हेंबरच्या पूर्वार्धातले, म्हणजे नर माजावर येऊन माद्यांमागे भरदिवसा, बेभान धावतात तेव्हाचे. क्रॉसबोला कमी दिवस दिले, पण दिले ते नेमके सुगीचे. विस्कॉन्सिनमध्ये हंगाम छोटा करायचा म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारा, की कुठले दिवस कापणार? सप्टेंबर कापलात तर नरांवर फरक जवळजवळ शून्य. नोव्हेंबरचा पूर्वार्ध कापलात तर फरक पडेल, पण ज्याला वर्षातून आठवडाभरच रजा मिळते, तो त्याच दिवसांसाठी लायसन्स काढतो.

माद्यांची काळजी या वादात आणू नका. त्यांचे परवाने काउंटीनिहाय कोट्याने ठरतात, क्रॉसबोने जास्त पडल्या तर पुढल्या वर्षी कोटा हलवता येतो. २००२ पासून राज्याच्या कळपांत पसरत असलेला सीडब्ल्यूडी (हरणांना झिजवून मारणारा संसर्गजन्य रोग) पाहता, दक्षिणेकडच्या काउंट्यांत जास्त हरणं पडली तर वन्यजीव खात्याला ती हवीच असतात.

उरला प्रश्न माणसांचा. नवे शिकारी किती आले आणि जुने धनुष्यवालेच किती इकडे वळले? वळलेले पुष्कळ आहेत. माझे शेजारी त्यातलेच, वय बासष्ट, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, कंपाउंड गॅरेजमध्ये खुंटीला. जुन्या नियमात त्यांना आणखी तीन वर्षं थांबावं लागलं असतं, नाहीतर अपंगत्वाचा परवाना मागावा लागला असता. तसला परवाना ते मागणार नाहीत, मी ओळखतो त्यांना. क्रॉसबोही ते हाताने ओढत नाहीत, कपीच्या दोरीने चढवतात. फक्त दोरी ज्यावरून सुटते त्या रुळाच्या वर अंगठा आला, की तो कापला जाईल म्हणून बायको खिडकीतून ओरडते.

'मोठा नर बंदुकीच्या हंगामापर्यंत टिकावा' एवढीच तुमची इच्छा असेल, तर क्रॉसबो छाटण्याच्या प्रश्नावर 'नाही' म्हणा आणि ओहायोसारखा एका नराचा नियम कधी मतदानाला आला तर तिथे 'हो' म्हणा. 'धनुष्य म्हणजे हाताने ताणलेलं' असं मनापासून वाटत असेल, तर 'हो' म्हणायला तुम्ही मोकळे आहात, पण तेव्हा कारण हरणांचं सांगू नका. मी 'नाही' टाकणार आहे.