शेजारी बसून शिकवायचं की रिव्ह्यूत शेरे लिहायचे?

टीममध्ये दोन फ्रेशर आलेत आणि "जरा बघ रे यांच्याकडे" म्हणून मॅनेजरने ते तुमच्या गळ्यात घातलेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांत हे नेहमीचंच. वेळ तुमचा जाणारच आहे, तर त्यातून तुमच्या पदरात काय पडतं, एवढंच इथे बघतोय. मार्ग मुख्यतः दोन: शेजारी बसून शिकवणं, किंवा रिव्ह्यू, म्हणजे त्यांनी लिहिलेला कोड नंतर वाचून त्यावर लेखी शेरे देणं.

आधी शेजारी बसणं. यात रोज तासभर जातो, स्वतःचं काम संध्याकाळवर ढकललं जातं. पण माझं अज्ञान इथेच उघडं पडलं. कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, दोन्ही आयडी सारखेच आहेत. १२७ पर्यंत मॅच होतात, १२८ पासून नाही."

मी सराईतपणे म्हटलं, "इंटिजर ऑब्जेक्ट आहेत ते, म्हणजे डबीत ठेवलेले आकडे. डबल इक्वल टू नको, इक्वल्स वापर."

"वापरलं, चाललं. पण १२७ लाच का अडलं?"

बारा वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काढली, नियम पाळला, कारण ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं. -१२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते आणि तेच पुन्हा वापरते. इक्वल्स आतला आकडा बघतं, डबल इक्वल टू मात्र ऑब्जेक्ट तोच आहे का ते, म्हणून तिथवर तुलना खरी ठरते. त्यापुढे एरवी प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट. मग लक्षात आलं, आमच्या टेस्टमधले सगळे आयडी शंभराच्या आतले! मोठे आकडे टाकले, तर तीच चूक आणखी दोन ठिकाणी सापडली. त्यातलं एक ठिकाण माझ्याच हातचं होतं.

रिव्ह्यूत हे घडलं नसतं. मी "इक्वल्स वापर" असा शेरा मारला असता, खाली "हो सर, केलं" आलं असतं आणि विषय संपला असता. आपल्याकडची मुलं सिनिअरच्या लेखी शेऱ्याला सहसा उलट प्रश्न करत नाहीत. गंमत म्हणजे १९७६ साली आयबीएमच्या मायकल फेगन यांनी कोड तपासण्याची जी पद्धत मांडली, तीत माणसं समोरासमोर बसायची.

तरी रिव्ह्यूला कमी लेखू नका. तो आपल्या सवडीने होतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर एखादा वाचूनही होतो. आणि शेरे मागे राहतात. मी माझे जुने शेरे चाळले, तर "ही मेथड इथे वापरू नकोस" हे प्रत्येक नव्या माणसाला लिहिलेलं. मेथड म्हणजे कोडमधला ठरलेलं काम करणारा तुकडा. हिचं गेटयूजर, म्हणजे 'यूजर आणून दे', असं नाव, आणि यूजर सापडला नाही तर ती गुपचूप नवा तयार करायची. चूक पोरांची नव्हती, नावाची होती. नाव बदललं, शेरा थांबला.

तिसरा मार्ग म्हणजे शुक्रवारी सगळ्यांना एकत्र बसवून घ्यायचं सेशन. त्याचं म्हणाल तर तयारी करताना आपला एक विषय पक्का होतो. समोरचे तोवर जेवून पेंगत असतात.

कोडबेस, म्हणजे टीमचा सगळा कोड, जुना असेल आणि डेडलाइन डोक्यावर नसेल, तर पहिले सहा आठवडे शेजारी बसा, मग रिव्ह्यूवर या. प्रॉडक्शन सपोर्टची, म्हणजे चालू सिस्टिम सांभाळायची, धावपळ असेल तर रिव्ह्यूच बरा, पण प्रत्येक शेऱ्यात 'का' लिहा. कारण लिहिता आलं नाही, तर आधी ते शोधा.

कीबोर्ड मात्र त्यांच्याकडेच राहू द्या. माझे हात फार शिवशिवतात, म्हणून मी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसतो.