रिसेप्टर कसा चालू होतो हे बघायला सोन्याचे ठिपके की डीएनए ओरिगामी?

लिगँड (सिग्नल आणणारा रेणू) येऊन चिकटला की रिसेप्टर (पेशीवरचं, सिग्नल घेणारं प्रोटीन) चालू, एवढं सगळ्यांना माहितीये, पण दोन लिगँड एकमेकांपासून किती लांब आहेत यानेही फरक पडतो आणि ते अंतर नेमकं ठेवायचं कसं हाच खरा लोचा आहे.

जर्मनीतल्या एका ग्रुपने काचेवर सोन्याचे ठिपके मांडून त्यांवर लिगँड लावले, एकेक ठिपका ८ नॅनोमीटरपेक्षा लहान, म्हणजे एका ठिपक्यावर एकच इंटिग्रिन (पेशीला चिकटून राहायला लागणारा रिसेप्टर). २००४ मध्ये त्यातून कळलं की अंतर ५८ नॅनोमीटर असेल तर पेशी मस्त चिकटतात, ७३ केलं की नीट चिकटतच नाहीत. भारी काम! पण तोच पॅटर्न काचभर पसरलेला असतो, म्हणून फक्त दोनच लिगँड दिले तर काय होईल हे यात विचारताच येत नाही.

ओरिगामीत ते जमतं. पॉल रोथेमुंड या संशोधकाने २००६ मध्ये दाखवलेली आयडिया अशी की व्हायरसचा लांब डीएनए छोट्या तुकड्यांनी दुमडून हवा तो आकार करायचा; मग त्यावर हव्या त्या जागी प्रोटीन लावता येतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०१४ मध्ये अशाच ओरिगामीच्या दांडीवर दोन एफ्रिन (ईफए२ नावाच्या रिसेप्टरचे लिगँड) बसवले, साधारण ४३ किंवा १०० नॅनोमीटरवर, आणि ४३ वाल्याने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींतला ईफए२ रिसेप्टर जास्त जोरात चालू झाला, वर पेशींचं आक्रमकपण पण जास्त घटलं. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी हं, गंमत नाही!

अर्थात ओरिगामीचे नखरे आहेतच, द्रावणात मॅग्नेशियम कमी पडलं की सुटायला लागतं, सीरममधले (रक्तातल्या द्रवातले) एन्झाइम ते खातात. चिकटण्याचाच अभ्यास असेल तर मी सोनंच घेईन, जोडीने चालणाऱ्या रिसेप्टरला मात्र ओरिगामीच.